सरोवर ओलांडणाऱ्या मालगाड्या

अमेरिकेतील मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण असे सुमारे पाचशे किलोमीटर पसरलेले असून त्याच्या दक्षिण टोकाशी शिकागो वसले आहे. पूर्वेकडून वायव्येस जाणाऱ्या मालगाड्यांना या जलाशयास वळसा घालून शिकागोमार्गे जावे लागे, आणि तेथील यार्डांच्या गर्दीत वाघिणी खोळंबून राहत. सरोवर ओलांडावयाचे म्हटले, तर एका काठावर माल वाघिणींतून काढून जहाजात भरावयाचा आणि दुसऱ्या काठावर पुन्हा जहाजातून वाघिणींत, असा खर्च व दिरंगाई दोन्ही दुप्पट.

त्यावर जेम्स ॲशली यांनी भरलेल्या वाघिणीच जहाजावर चढविण्याची तजवीज केली. हेच ते ॲशली, ज्यांनी १८६३ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला होता. नद्या व सामुद्रधुन्या ओलांडणारी अशी जहाजे पूर्वीही होती. परंतु जवळजवळ शंभर किलोमीटर खुल्या पाण्यावरून, तेही हिवाळ्यात, वाघिणी नेण्याचे साहस त्यांच्या ‘ॲन आर्बर क्रमांक १’ या लाकडी जहाजाने १८९२ साली केले. त्याचे रचनाकार फ्रँक कर्बी यांनी जहाजाच्या नाळेखालीही एक पंखा बसविला होता. तो बर्फाखालचे पाणी उपसून घेई, आणि आधार गेलेला बर्फ जहाजाच्या भाराने सहज मोडे.

वाघिणी चढविण्याचे काम फार कौशल्याचे. जहाजाच्या पोटात चार रूळमार्ग असत आणि पिछाडी उघडी असे. धक्क्यावरचा झुलता पूल तिला जोडून इंजिन वाघिणी आत ढकली. एकाच बाजूस भार पडला तर जहाज कलंडावयाचे, म्हणून कधी डावीकडे, कधी उजवीकडे, असा तोल राखीत भरणी करावी लागे. मग प्रत्येक वाघीण साखळ्यांनी जखडून टाकीत. मात्र त्या उघड्या पिछाडीतून वादळाच्या लाटा आत शिरण्याचे भय कायमच असे. ९ सप्टेंबर १९१० रोजी ‘पियर मार्केट १८’ हे जहाज भर सरोवरात पाण्याने भरू लागले, तेव्हा कप्तान पीटर किल्टी यांच्या हुकमाने वाघिणी पाण्यात लोटण्यात आल्या आणि बिनतारी यंत्राने मदतीची हाक गेली. ती ऐकून त्याच मालिकेतील सतरा क्रमांकाचे जहाज धावून आले व अनेकांचे प्राण वाचले. परंतु जहाजाचा एकही अधिकारी जिवंत राहिला नाही, त्यामुळे पाणी कोठून शिरले याचा उलगडा कधीच झाला नाही. त्या बिनतारी यंत्रावर बसलेला तरुण जहाजाबरोबरच बुडाला, ही गोष्ट आकाशवाणीवरून बोलताना मला विशेषच आठवते.

सैबेरियातील बैकल सरोवरावरही हीच युक्ती योजिली गेली. ‘बैकल’ जहाजाचे भाग इंग्लंडात न्यूकॅसल येथे घडवून सरोवराकाठी जोडण्यात आले, आणि १९०० साली ते चालू झाले. तरीही ऐन हिवाळ्यातील बर्फापुढे त्याचे काही चालेना; म्हणून १९०४ मध्ये, जपानशी युद्ध पेटले असता, बर्फावरच रूळ अंथरून वाघिणी घोड्यांकरवी ओढाव्या लागल्या. त्याच वर्षी दक्षिण काठाने रेल्वे पुरी झाली आणि जहाजाचे महत्त्व ओसरले.

मिशिगनवर ही वाहतूक बराच काळ तगली. पुढे डिझेल इंजिनांनी वळशाचा मार्ग स्वस्त केला, तर जहाजावरील माणसांचा व इंधनाचा खर्च वाढतच गेला. १९५३ साली कामावर रुजू झालेल्या ‘बॅजर’ या कोळशावर चालणाऱ्या जहाजाने नोव्हेंबर १९९० मध्ये अखेरच्या वाघिणी पार नेल्या. १९९२ पासून ते लडिंग्टन व मॅनिटोवॉक या बंदरांमध्ये प्रवासी आणि मोटारी नेऊ लागले.