पेण-रोह्याच्या हवेत सापाची पेटी: ओलावा किती आणि कसा?

आजचा विषय आहे पाळलेल्या सापाच्या पेटीतला ओलावा. पेण, रोहा, नागोठणे या पट्ट्यातल्या श्रोत्यांनी जरा कान देऊन ऐका, कारण यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ आपल्या हवेसाठी बनलेलेच नाहीत.

आधी कायद्याचं बोलून मोकळं होऊ. नाग, धामण, अजगर, मांडूळ असला आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवता येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि "मी त्याला प्रेमाने सांभाळतो" हे उत्तर तिथे चालत नाही. घरात साप निघाला तर वनविभागाची १९२६ हेल्पलाइन आहे, गावातले नोंदणीकृत सर्पमित्र आहेत. मांडुळाने पैशाचा पाऊस पडतो असं कुणी सांगत असेल तर तो माणूस तुम्हालाच तुरुंगात पाठवायच्या वाटेवर आहे. परदेशी साप, म्हणजे प्रामुख्याने बॉल पायथन, पाळता येतो, पण तो साइट्सच्या यादीत आहे. २०२४च्या नियमांनुसार त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर साप घेऊ नका. बस, एवढंच.

आता मुद्दा. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत ७०च्या आसपास. व्हिडिओतला माणूस म्हणतो, दिवसातून दोनदा पाणी फवारा. तो बोलतोय ते हिटर लावलेल्या कोरड्या घरातून. जुलैत पेणला बाहेरची हवाच ९० टक्क्यांच्या आसपास असते. डब्यातले पापड तासाभरात मऊ पडतात, तिथे तुम्ही आणखी फवारणार?

पण थांबा, गंमत पुढेच आहे. टक्का म्हणजे हवेत पाणी किती आहे ते नव्हे. त्या तापमानाला हवा जितकं पाणी धरू शकते, त्यातला किती भाग भरलाय, ते. हवा तापवली की तिची धरण्याची ताकद वाढते आणि टक्का आपोआप उतरतो. पावसाळ्यात बाहेर २६ अंश आणि ९० टक्के असेल, आणि तीच हवा पेटीच्या गरम बाजूला ३२ अंशांवर गेली, तर टक्का उरतो साधारण ६४. म्हणजे गरम बाजू अगदी झकास, आणि थंड बाजू मात्र अजून चिंब. म्हणून मीटर एक नको, दोन हवेत. दोन्ही बाजूंना एकेक.

आता जानेवारी घ्या, पोपटीचे दिवस. रोह्याकडे पहाटे वालाच्या शेतात पाय भिजतात एवढं दव. आपल्याला वाटतं, हवा ओली आहे. समजा बाहेर १६ अंश आणि ८५ टक्के. ती हवा पेटीत ३० अंशांपर्यंत तापवली की उरतात जेमतेम ३६ टक्के! दव पडतंय आणि साप सुकतोय. म्हणजे आपल्याकडे पाणी वाढवायचं ते थंडीत, आणि एसी चालू असलेल्या खोलीत. पावसाळ्यात काम उलटं आहे, हवा खेळती ठेवायची. हे कुठल्याच व्हिडिओत नाही सांगत.

पोपटीचाच दाखला देतो. मडक्यात पाणी घालत नाही आपण, भांबुर्डीचा पाला वर-खाली लावून तोंड बंद करतो, आणि शेंगा स्वतःच्या वाफेवर शिजतात. जाळी झाकलेली काचेची पेटी आणि आत ओला कोकोपीट, खालून गरम मॅट... कळलं ना?

जास्त ओल आणि कोंडलेली हवा एकत्र आली की पोटाकडचे खवले लालसर, तपकिरी पडतात, फोड येतात. त्याहून वाईट म्हणजे छाती धरते. सापाला खोकता येत नाही, त्यामुळे आत साचलेला चिकटा बाहेर टाकणं त्याला फार जड जातं. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, यातलं काही दिसलं तर थांबू नका. गावातल्या दवाखान्यात गाई-शेळ्यांचा अनुभव असतो, सापांचा क्वचितच. मुंबई-पुण्याकडच्या सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आजच शोधून ठेवा.

कोरडेपणाची खूण कातीत दिसते. डोळे दुधाळ होतात, मग पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर थोड्या दिवसांत कात उतरते. ती मोज्यासारखी अख्खी उतरायला हवी. तुकडे पडले तर ओलावा कमी पडला. डोळ्यावरची काचेसारखी चकती राहिली तर चिमट्याने ओढायची नाही, म्हणजे नाहीच. डोळा जातो.

यावर सोपा उपाय: झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाजूला साप जाईल एवढं भोक, आत पिळून घेतलेला ओला कोकोपीट. कात टाकायच्या दिवसांत साप स्वतःच त्यात जाऊन बसतो. अख्खी पेटी भिजवायची गरज नाही. आणि फवारण्यापेक्षा कोपऱ्यात हळूच पाणी ओता, खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहू द्या.

मीटर खरं बोलतो का? काट्यावाले गोल मीटर मला तरी पटत नाहीत, डिजिटल घ्या. तपासायला आपल्याच भागातली वस्तू पुरते. पेणची मिठागरं माहीत आहेत ना? मीठ! बाटलीच्या झाकणात चमचाभर पाकिटातलं मीठ, थेंब-थेंब पाणी टाकून घट्ट लगदा, विरघळवायचं नाही. झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर तुमचा मीटर पाच कमी दाखवतो, तेवढे मनात धरा. खडेमीठ नको, त्यात दुसरे क्षार असतात, आकडा चुकतो.

राहिली वीज. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी पेटी गार पडते आणि काचांना आतून घाम सुटतो. पावसाळ्यातल्या आपल्या तापमानाला धडधाकट साप काही दिवस काढतो, ओलीचा त्रास जास्त. ओला कोकोपीट काढून टाका, जुनी वर्तमानपत्रं अंथरा, पाण्याचं भांडं लहान ठेवा, जाळीवरचं झाकण काढा, जाळीची कडी मात्र लावलेली हवी. आणि वीज येऊन पेटी पुन्हा तापेपर्यंत उंदीर खायला घालू नका. ऊब नसेल तर सापाला तो पचत नाही, पोटात कुजतो.