बोका वयात येण्याआधी



खेड्यातल्या घरात मांजर मुद्दाम आणावे लागत नाही. घरात धान्य आले की उंदीर येतो आणि उंदरामागे मांजर येते. ते चुलीजवळ बसते, पोरांच्या ताटातला घास खाते, आणि बघता बघता घरचे होऊन जाते. त्याचे वय कोणी मोजत नाही, त्याच्या आजाराची कोणी फारशी वास्तपुस्त करत नाही. आज मी अशाच एका न मोजलेल्या वयाबद्दल बोलणार आहे. घरात नर पिलू असेल तर त्याला खच्ची करावे का, आणि करायचे तर नेमके केव्हा, हा आजचा विषय.

काही मंडळींना हसू येईल. म्हणतील, "बैल बडवतात हे ठाऊक आहे बुवा, पण बोका कोणी बडवतो का?" हसायला हरकत नाही. पण आपल्या पाहण्यातल्याच दोन-चार गोष्टी आठवून पाहा. पिलू आठ-नऊ महिन्यांचे होते. एके दिवशी ते शेपूट ताठ करून कणगीच्या कुडावर मुताची चिळकांडी उडवते. तो उग्र वास खोलीतून आठ-आठ दिवस हटत नाही. मग ते रात्री घरी येईनासे होते. दोन दिवसांनी येते ते कान फाटलेला, गाल सुजलेला, पायाला पू झालेला असा अवतार घेऊन. बरे होते, पुन्हा जाते. आणि एक दिवस जाते ते परत येतच नाही. पोरे चार दिवस हाका मारतात. आपण म्हणतो, "बोका घर सोडून गेला." खरे पाहता तो बहुधा रस्त्यावर, विहिरीत, कुत्र्यांच्या तोंडी नाहीतर जखमेच्या तापाने गेलेला असतो.

हे त्याचे नशीब नव्हे, बरं का. वयात आलेल्या नराच्या वृषणांत जो रस तयार होतो आणि रक्तात मिसळतो, तो त्याला हे सारे करायला लावतो. हद्द राखणे, मादीचा माग काढणे, दुसऱ्या नराशी झुंजणे, ही सारी त्याचीच कामे. वृषण काढले की हा रस आटतो आणि पुष्कळसा उपद्व्याप थांबतो. खच्चीकरणाचा अर्थ एवढाच.

आता वेळेचा प्रश्न. इथे आपली शेतकऱ्याची अक्कल आपल्याला थोडी फसवते. कशी ते सांगतो. गोऱ्हा बडवायची आपण घाई करत नाही. म्हणतो, मान भरू दे, खांदा भरू दे, वशिंड येऊ दे. ते बरोबरच आहे, कारण त्याला पुढे जू ओढायचे असते, आणि नराचा जो भरदारपणा लागतो तो बडवल्यानंतर तितका येत नाही. हाच हिशेब आपण बोक्याला लावतो. "अजून लहान आहे, वर्षाचा होऊ दे, चांगला दांडगा होऊ दे." पण मंडळी, बोक्याच्या मानेवर जू कुठे ठेवायचे आहे? ते मोठे डोके, ते जाड गाल, ती भरलेली मान एकाच कामाला येते, दुसऱ्या बोक्याशी मारामारी करायला. जी मारामारी आपल्याला नको, तिच्यासाठी त्याचे अंग तयार होईपर्यंत थांबायचे कशाला?

म्हणून बोक्याचा नियम बैलाच्या उलटा आहे. तो वयात येण्याआधी, खोड लागण्याआधी हे काम उरकावे. नर पिलू साधारण सहाव्या महिन्यापासून वयात येऊ लागते. कोणी थोडे आधी, कोणी आठव्या-नवव्या महिन्यात. तेव्हा चार ते पाच महिने ही वेळ चांगली. पूर्वी जगभर सहा महिन्यांचा किंवा त्याहून उशिराचा रिवाज होता. पण २०१६ साली अमेरिकेतील जाणत्या पशुवैद्यकांनी एकत्र बसून विचार केला आणि पाच महिन्यांच्या आत हे काम करावे अशी शिफारस केली. ब्रिटनमध्येही अनेक संस्था चार महिन्यांचे वय सांगतात.

"पण आमच्या पिलाचे वय आम्हाला कुठे ठाऊक आहे?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तुमच्याच हातात आहे. बैलाचे वय तुम्ही कसे ओळखता? तोंड उघडून. अदंत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, हे बाजारात उभ्या उभ्या सांगता. तीच विद्या मांजराला लावा.

मांजराच्या पिलाला पुढे वर सहा आणि खाली सहा असे बारा अगदी बारीक दुधाचे दात असतात, आणि चार कोपऱ्यांत चार सुळे. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पुढचे बारीक दात पडून पक्के येऊ लागतात. पाचव्या महिन्याच्या आसपास सुळे बदलतात. नवा सुळा जुन्याला लागून उगवतो, त्यामुळे थोडे दिवस एकाच जागी दोन सुळे दिसतात. सहा महिन्यांच्या सुमारास तोंडात तीसच्या तीस पक्के दात असतात. यावरून हिशेब सोपा झाला. पुढचे दात बदलले आहेत पण सुळे अजून दुधाचेच आहेत, किंवा नुकते बदलू लागले आहेत, की समजावे, वेळ आली. चारही सुळे पक्के झाले असतील तर दिवस दवडू नयेत.

दुसरी खूण वजनाची. बरे खाणारे पिलू पहिल्या काही महिन्यांत दरमहा साधारण अर्धा किलोने वाढते. चार महिन्यांचे पिलू दोन किलोच्या आसपास भरावे. आपल्याकडची पिले थोडी किरकोळ असतात, तेव्हा दीड किलोच्या पुढे असून अंगाने बरे असेल तरी पुष्कळदा चालते. अखेरचा निर्णय डॉक्टरांचा. शिक्षक बंधुभगिनींना माझी इथे एक सूचना आहे. शाळेतल्या मुलांना घरच्या पिलाची एक वही करायला सांगा. महिन्यातून एकदा पिशवीत बसवून तागडीवर वजन घ्यायचे, दात कोणते बदलले ते लिहायचे. गणित होईल, जीवशास्त्र होईल, आणि एका मुक्या प्राण्याची योग्य वेळही चुकणार नाही.

थांबायचे केव्हा, हेही सांगायला हवे. पिलू आजारी असेल, हगवण लागली असेल, पोट जंतांनी फुगले असेल, अंग पिसवांनी भरले असेल, तर आधी ते बरे करा. भूल देणे म्हणजे खेळ नव्हे, आणि अशक्त जीवाला ती सोसत नाही. म्हणून तीन महिन्यांचे झाले की एकदा दवाखान्यात न्यावे, जंताचे औषध द्यावे, पिसाळू नये म्हणून रेबीजची लस टोचून घ्यावी आणि शस्त्रक्रियेची तारीखही तेव्हाच ठरवावी. डॉक्टर दोन्ही वृषण खाली उतरले आहेत का ते पाहतील. एखाद्याचे एक वृषण पोटातच राहते. असा बोका एक वृषण काढले तरी उनाडच राहतो. त्याचे दुसरेही शोधून काढावे लागते. "एकच आहे ना, राहू द्या," असे म्हणू नका.

काही शंका नेहमी विचारल्या जातात. पहिली अशी की लहानपणी खच्ची केले तर लघवीची नळी अरुंद राहून लघवी तुंबते. ही भीती जुनी आहे. सातव्या आठवड्यात खच्ची केलेले, सातव्या महिन्यात खच्ची केलेले आणि मुळीच न केलेले असे बोके मोठेपणी तपासून पाहिले गेले. त्यांच्या नळीच्या रुंदीत फरक आढळला नाही. दुसरी शंका, वाढ खुंटेल. उलट हाडांची टोके थोडी उशिरा जुळतात, त्यामुळे असा बोका किंचित लांबच होतो. तिसरी शंका घरधनिणीची असते, "मग हा उंदीर मारील का?" मारील. शिकार ही मांजराची जातच आहे, ती वृषणांवर अवलंबून नाही. उलट रात्रभर गावभर भटकणारा बोका घरचे उंदीर धरायला घरी असतोच कुठे?

फुकट मात्र काही नसते. खच्ची केलेल्या बोक्याला अन्न कमी लागते आणि भूक मात्र वाढते. पूर्वीइतकेच दूध-भाकर घालत राहिलात तर तो लोण्याचा बोका व्हायला वेळ लागणार नाही, आणि लठ्ठपणातून पुढे दुखणी येतात. घास पाव हिश्श्याने कमी करावा आणि त्याला उंदरामागे पळू द्यावे.

आता प्रत्यक्ष काम. हे पशुवैद्यकानेच, भूल देऊन करायचे काम आहे. गोऱ्ह्याला लावायचा चिमटा, दोरी, वस्तरा यांतले काहीही मांजराला लावू नये. तो क्रूरपणा आहे आणि जीवही जातो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. तिथे सोय नसेल तर डॉक्टर जवळची जागा सांगतील. मुंबईत परळ, तसेच शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. नेताना पोत्यात कोंबून नेऊ नका, गुदमरते. झाकणाची टोपली घ्या, आत जुने लुगडे अंथरा. लहान पिलाला रात्रभर उपाशी ठेवू नका, त्याच्या रक्तातली साखर उतरते. किती तास उपास तो डॉक्टरांना विचारा, बहुधा दोन-चार तासांचाच असतो.

नर मांजराची शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची असते. चीर इतकी लहान असते की बहुधा टाकेही घालत नाहीत. संध्याकाळपर्यंत पिलू घरी येते. पहिली रात्र त्याला उबदार, अंधाऱ्या खोलीत ठेवा, उंच चढू देऊ नका, कारण भुलीने तोल जातो. आठवडाभर त्याच्या शौचाच्या जागी राख किंवा माती न घालता फाडलेला कागद घाला, म्हणजे जखमेत घाण जाणार नाही. रक्त थांबत नसेल, सूज वाढली, किंवा दुसऱ्या दिवशीही खात नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. दुखते आहे म्हणून घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. माणसाला जी गुणकारी, ती मांजराला विष आहे. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

ज्यांच्या घरी बोका दोन-तीन वर्षांचा झाला आहे त्यांनी काय करावे? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे आपण म्हणतो, पण इथे ती म्हण पुरती खरी नाही. मोठेपणी खच्ची केले तरी दहांतले नऊ बोके चिळकांडी मारणे सोडतात किंवा फार कमी करतात. एखाद्याची सवय मात्र राहते. मोठ्या बोक्याच्या शरीरात शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे बीज शिल्लक असते, म्हणून महिना-दीड महिना त्याला माद्यांपासून दूर ठेवावे. झुंजीतल्या चाव्यांतून एक असाध्य विषाणूरोगही मांजरांमांजरांत पसरतो. १९८६ साली त्याचा शोध लागला. तो माणसाला होत नाही, पण बोक्याला हळूहळू पोखरतो. तेव्हा उशीर झाला म्हणून हात जोडून बसू नये. मात्र जे काम पाचव्या महिन्यात सहज होते, ते तिसऱ्या वर्षी वरातीमागून घोडे नेल्यासारखे होते.

जाता जाता एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. गावातले नऊ बोके खच्ची केले आणि एक राहिला, तर तो एकटा साऱ्या माद्यांना पुरेसा होतो. मांजरी नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात दोन-तीनदा विऊ शकते. म्हणून पिलांची संख्या आवरायची असेल तर भाटीचीही शस्त्रक्रिया करायला हवी. बोक्याच्या खच्चीकरणाने तुमच्या घरचा बोका वाचतो, भाटीच्या शस्त्रक्रियेने न जन्मलेली पिले पोत्यात भरून गावाबाहेर सोडण्याच्या पापातून आपण वाचतो.

कोणी म्हणेल, देवाने जसे घडवले तसे राहू द्यावे, आपण मध्ये का पडावे? पण ज्या दिवशी आपण त्याला उंबऱ्याच्या आत घेतले, वाटीत दूध घातले, नाव ठेवले, त्या दिवशीच आपण मध्ये पडलो. आता त्याचे बरेवाईट आपल्याकडे लागते. त्याला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने विचार आपणच करायचा आणि तो वेळेवर करायचा.

तेव्हा आज संध्याकाळी घरचे पिलू मांडीवर आले की त्याचा ओठ हलकेच वर करून पाहा. पुढचे दात बदलले असतील तर उद्या दवाखान्यात विचारून या.