खाजण रिकामे नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून तिवराच्या झाडावर काय बोलायचं, असं काहींच्या मनात येईल. पण आपण वसई-विरारकर खाडीच्या कुशीत राहणारी माणसं आहोत. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. लोकलने भाईंदर सोडलं की खाडीचा पूल, मध्ये पाणजू बेट, आणि पुढे नायगावपर्यंत मिठागरं न् तिवरं. रोज हजारो माणसं ते पाहत येतात-जातात. तरी या जागेला आपण सरसकट एकच नाव देऊन टाकलं आहे, ‘रिकामी जागा’. खाजण रिकामं नाही, एवढंच आज आम्हाला सांगायचं आहे.

ओहोटीच्या वेळी खाजणाच्या कडेला उभं राहा. चिखलातून पेन्सिलीसारखे असंख्य कोंब वर आलेले दिसतील. ती तिवराची मुळं. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. खारं पाणी पितं आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. तिवराचं पान जिभेला लावलं तर खारट लागतं, ते यामुळेच. कांदळ नावाच्या झाडाची तर आणखी गंमत आहे. त्याचं बी आईच्या अंगावरच रुजतं. शेंगेसारखा लांब हिरवा कोंब तयार झाला की तो खाली गळतो, चिखलात रुततो किंवा भरतीबरोबर नवी जागा शोधत जातो. चिप्पीचं फूल रात्री उमलतं आणि वटवाघळं त्याच्याकडे येतात. यातल्या पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

आता या झाडांखालचा संसार बघा. निवटी हा मासा असूनही परांच्या जोरावर चिखलात उड्या मारतो. अंग ओलं असेपर्यंत त्याला पाण्याबाहेरही श्वास घेता येतो. एक नांगी शरीराएवढी मोठी असलेले छोटे खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे राहून ती नांगी हलवत असतात, जणू कुणाला बोलावताहेत. हे नर. चिंबोरी बिळात दडलेली असते. वर फांदीवर खंड्या ध्यान लावून बसलेला, उथळ पाण्यात बगळे, आणि मिठागरात लांब लाल पायांचे शेकाटे. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो मैल उडत तुतवार येतात आणि याच चिखलात चोच खुपसून पोट भरतात. मुंबई-ठाण्याच्या कांदळवनात आजही कोल्हे आहेत. ते खेकडेही खातात.

एवढ्या सगळ्यांना कोण पोसतं? झाडाचं गळलेलं पान! पान चिखलात पडतं, कुजतं, त्यावर बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर कोळंबीची आणि माशांची पिल्लं जगतात. बोय, जिताडा, कोळंबी यांचं बालपण या मुळांच्या आडोशाला जातं. मोठे मासे इथे सहजी शिरू शकत नाहीत. आपल्या बाजारात येणाऱ्या वाट्यामागे हे पाळणाघर आहे, हे कोळणीला ठाऊक असतं. आपणही ते जाणलं पाहिजे.

अशा झाडांचं नातं सातासमुद्रापार आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, लुइझियाना आणि फ्लोरिडा राज्यांत, सायप्रस वृक्षांच्या दलदली आहेत. तिथेही मुळांचे उंचवटे पाण्यावर येतात. लोक त्यांना झाडाचे गुडघे म्हणतात. फांद्यांवर बगळे आणि खाली मगरीच्या जातीचे प्राणी. फरक इतकाच की आपलं तिवर खाऱ्या पाण्यात जगतं, तर तो सायप्रस गोड्या पाण्यातला. खारं पाणी आत शिरलं की तो मरतो.

तिथे तसंच झालं. न्यू ऑर्लिन्स शहराजवळून जहाजांसाठी समुद्रापर्यंत कालवा खणला गेला. कालव्यातून खारं पाणी आत आलं आणि सायप्रसची रानं वाळून गेली. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ आलं तेव्हा समुद्राच्या लाटेला थोपवणारी ती झाडं उरली नव्हती. बांधही फुटले आणि सुमारे ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं. गरीब, काळ्या लोकांच्या सखल वस्त्यांचे हाल सर्वांत वाईट झाले. कालवा शेवटी २००९ साली बंद केला गेला. पण मेलेलं रान एका दिवसात उभं राहत नाही.

कतरिनाच्याच वर्षी, त्याच्या महिनाभर आधी, २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या आणि वसईच्या मिठागरातली माणसं अडकून पडली. वरून पाऊस आणि खालून उधाणाची भरती अशी एकत्र आली की पाण्याला थांबायला जागा लागते. ती जागा म्हणजे खाजण. डेब्रिजच्या गाड्या रिकाम्या करून तिथे भराव केला, की तेच पाणी आपल्या चाळीत येतं.

इथे आम्ही जरा स्पष्ट बोलतो. आपल्यातल्या कित्येकांची घरं सखल जागेवर, भरावावरच आहेत. परवडणारी जागा तिथेच मिळाली, त्यात कुणाचा दोष काढायचा? पण त्यामुळेच हा प्रश्न आपला आहे. भरावाचा पैसा एकाच्या खिशात जातो आणि पाणी दुसऱ्याच्या घरात. उंच इमारतीतल्या माणसाची गाडी भिजते, आपलं मात्र धान्य, गादी आणि पोरांची दप्तरं भिजतात.

कायदा आपल्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की कांदळवनाचा नाश म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे. ज्या संविधानाचा आपण रोज अभिमान बाळगतो, त्यातच तिवराचं रक्षण आहे. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. रात्री गाडी रिकामी होताना दिसली तर तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. महापालिका, तहसीलदार आणि पोलीस यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकट्याने जाऊ नका, मंडळाच्या नावाने पाच-दहा जण मिळून जा.

शेवटी आपल्या सोपाऱ्याची एक गोष्ट. या खाडीमुळेच सोपारा प्राचीन काळी मोठं बंदर होतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात मिळाला. त्या लेखाचा विषय फार सुंदर आहे. पूर्वीचे राजे ‘विहारयात्रे’ला निघत, म्हणजे मौजेच्या सफरीला, आणि तिथे शिकार करत. अशोकाने ते सोडून धम्मयात्रा सुरू केली : श्रमणांची, वृद्धांची आणि गावोगावच्या माणसांची भेट घ्यायची, त्यांच्याशी बोलायचं.

तीच वाट आपण धरू या. येत्या हिवाळ्यात एका रविवारी, ओहोटीची वेळ पाहून, विहारातली मुलं-मुली आणि आयाबहिणी मिळून खाडीवर जाऊ. सोबत कुणी जाणता कोळी बांधव किंवा मिठागरात राबलेला म्हातारा असावा. त्याला विचारायचं, त्याचं ऐकायचं. काही तोडायचं नाही, पकडायचं नाही, कचरा टाकायचा नाही. एकदा निवटीची उडी पाहिलेलं पोर त्या जागेला पुन्हा रिकामी म्हणणार नाही.