सनदी लेखापालाची परीक्षा

१९४९ च्या कायद्यान्वये भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली, तेव्हापासून तिच्या परीक्षांचा दरारा कायम आहे. आणि प्रत्येक विषयात ४० टक्के मिळवूनही विषयांच्या गटाची सरासरी ५० टक्क्यांच्या खाली घसरल्यामुळे जो उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो, त्याचे मन खचणे स्वाभाविकच होय. तथापि गट हुकला तरी ६० गुण पडलेल्या विषयाची सूट पुढील तीन प्रयत्नांपर्यंत शाबूत राहते, ही तरतूद निराशेच्या भरात पुष्कळजण विसरतात. पुढच्या प्रयत्नाची तयारी करताना, दिवसभर दफ्तरात पावत्या तपासून रात्री पुस्तक उघडणाऱ्याने उत्साहाची वाट पाहत बसू नये. ताळेबंदाचे एकच उदाहरण, उत्तराकडे न डोकावता, घड्याळ लावून, अखेरच्या बेरजेपर्यंत सोडवावे. दोन्ही बाजू जुळल्या की झोपही बरी लागते! निकालानंतर उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मुदतीत अर्ज केल्यास मिळते. आपले कुठे चुकले हे कळावे म्हणून ती अवश्य मागवावी.