कुप्प्याची मासेमारी आणि आपली लहान होडी
(वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण, वधूवरसूचन आणि संघाचा जमाखर्च या विषयांवर आज अधिकारी वक्ते बोलणारच आहेत. कार्यकारी मंडळाने आमच्याकडे धंद्याचा विषय सोपविला, तेव्हा पापलेट वा सुरमई न निवडता आम्ही कुप्पा निवडला. याचे कित्येकांना नवल वाटेल. पाहुणा घरी आला असता त्याच्या ताटात कुप्पा वाढावा, असे आपल्या घरांतून सहसा कोणास वाटत नाही. लाल मांसाचा, काळपट, खाल्ल्यावर अंगावर पित्त उठविणारा मासा असा त्याचा लौकिक आहे. आमचे म्हणणे इतकेच की, हा लौकिक बव्हंशी आपल्या हाताळणीने त्याच्या माथी मारलेला आहे; आणि तो पुसून टाकण्याचे सामर्थ्य मोठ्या नौकेपेक्षा लहान होडीत अधिक आहे. ज्यांच्या दारात अजून लहान होडी आहे, आणि ती ठेवावी की विकावी या विवंचनेत जे आहेत, त्यांच्यासाठी विशेषेकरून आम्ही बोलत आहो.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. कुप्पा, गेदर ही नावे बंदरागणिक बदलतात. परंतु ही सर्व एकाच मोठ्या कुळातील भावंडे होत. आपल्याकडे जो कुप्पा अधिक सापडतो, त्याच्या पाठीच्या मागील भागावर काळसर नागमोडी रेघा असतात आणि छातीच्या पराखाली काही काळे ठिपके दिसतात. लक्षद्वीपकडे विपुल मिळणाऱ्या त्याच्या भावंडाच्या पोटावर चारसहा आडवे पट्टे असतात. या दोघांनाही पोटात हवेची पिशवी नसते. पोहणे थांबले की ते खाली जातात, आणि श्वासासाठीही त्यांना तोंड किंचित उघडे ठेवून सतत पुढे धावावे लागते. या अखंड धावपळीमुळे त्यांच्या अंगात लाल स्नायू फार, आणि रक्तवाहिन्यांची रचना अशी की स्नायूंत उत्पन्न झालेली उष्णता बाहेर न जाता आतच राहते. कुप्प्याचे अंग भोवतालच्या पाण्याहून उबदार असते. ही एक गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता शोधाविषयी. कुप्पा डोळ्यांनी पाहून शिकार करतो, म्हणून त्याला स्वच्छ पाणी लागते. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ बसून पाणी निवळले की तो किनाऱ्याच्या जवळ येऊ लागतो. गढूळ हिरवे पाणी आणि निळे पाणी जेथे एकमेकांस भिडते, तेथे तरंगता कचरा व फेस यांची एक रेघ उमटते. तिच्या निळ्या बाजूने होडी चालविणे शहाणपणाचे. हैदराबाद येथील इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने मोजलेले पाण्याचे तापमान व हरितद्रव्य यांवरून मासेमारीस योग्य अशा जागांचे अंदाज प्रसिद्ध करीत असते. त्यांचा उपयोग अवश्य करावा. मात्र अंदाज दिशा सांगतो. शेवटचा मैल डोळ्यांनीच गाठावा लागतो.

त्या शेवटच्या मैलात खरी सोबत पाखरांची. सुरय आणि कुरव उंचावर सैल घिरट्या घालीत असतील तर ती अजून शोधात आहेत. ती एका जागी गोळा होऊन पाण्यात सूर मारू लागली म्हणजे खालून कुप्प्याने तारलीसारख्या लहान माशांचा थवा वर रेटला आहे, असे समजावे. तेथे पाणी उकळल्यासारखे दिसते. पाखरे पाण्यावर स्वस्थ बसली तर थवा खोल गेला. होडी थोडी दूर उभी करून वाट पाहावी. पहाटेचा आणि दिवस कलल्यानंतरचा वेळ याला उत्तम.

थवा दिसताच त्याच्या मधून होडी घालणे ही या शिकारीतील सर्वांत महाग पडणारी घाई होय. यंत्राचा आवाज डोक्यावर आला की थवा क्षणात बुडतो, आणि आपल्याबरोबर भोवतालच्या दहा होड्यांचेही नुकसान होते. होडी थव्याच्या कडेकडेने न्यावी, आणि थवा ज्या दिशेस सरकत असेल त्याच्या किंचित पुढे राहावे, म्हणजे होडीपुढे निघून गेली तरी मागचे गळ बरोबर थव्याच्या काठावरून जातात.

चालत्या होडीमागे गळ ओढणे ही लहान होडीची मुख्य पद्धत. दोन माणसांच्या होडीस तीन किंवा चार दोऱ्या पुष्कळ झाल्या. दोन्ही बाजूंस बांबू काढून त्यांवरून बाहेरच्या दोऱ्या सोडल्या म्हणजे वळताना गुंता होत नाही. दोऱ्यांची लांबी कमीअधिक ठेवावी, आणि गळ होडीच्या फेसाळ पाण्याच्या पलीकडे पडेल असे पाहावे. वेग ताशी पाचसहा सागरी मैलांच्या आसपास असावा. आमिषाबाबत एकच नियम सांगतो: थवा जे खात असेल त्याच आकाराचे आमिष असावे. बोटभर तारलीवर तुटून पडलेला कुप्पा वीतभर चकचकीत आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. पांढरे पीस, रुपेरी पट्टी किंवा रंगीत धाग्यांचा लहान झुबका पुरेसा होतो.

मासा लागला की होडी एकदम थांबवू नये. थव्यातील दुसरे मासे उरलेल्या गळांवर येण्याची हीच घटका असते. दोरी ताणलेली ठेवून एकसारख्या हाताने ओढावी. हिसका दिल्यास तोंडाची कड फाटते, आणि दोरी सैल सोडल्यास गळ निसटतो. हातास रबरी वा चामडी आवरण असावे. दोरी हाताभोवती वा मनगटाभोवती कधीही गुंडाळू नये, आणि ओढलेली दोरी पायाशी न सांडता टोपलीत पडेल अशी व्यवस्था असावी. एकट्याने जाऊ नये, आणि तरंगणारे जाकीट अंगावर असल्याखेरीज तर मुळीच जाऊ नये. हे तरुणांना भित्रेपणाचे वाटते, परंतु घरी वाट पाहणाऱ्या माउलीस विचारून पाहावे.

दुसरी पद्धत आपली नव्हे, पण जाणून घेण्याजोगी आहे. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटरवर लक्षद्वीपातील मिनिकॉय बेट आहे. तेथील बांधव पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या काठीला दोरी व गळ बांधून कुप्प्याच्या त्या पट्टेवाल्या भावंडाची शिकार करीत आले आहेत. प्रथम बेटाजवळच्या उथळ शांत पाण्यात बारीक जिवंत मासे पकडून ते होडीच्या पोटातील पाण्याच्या कप्प्यात ठेवतात. त्या कप्प्यातून समुद्राचे पाणी सतत खेळते राहील अशी योजना असते. थवा गाठल्यावर जिवंत आमिष मूठमूठ फेकतात आणि पाण्यावर पाणी उडवितात. त्या उडणाऱ्या थेंबांमुळे लहान मासे उसळत आहेत असा भास होतो आणि होडी व माणसेही झाकली जातात. मग काठीच्या गळास दात्या नसल्याने मासा काठीसरशी वर येऊन होडीत पडतो आणि आपोआप सुटतो, व काठी पुन्हा पाण्यात जाते. तो मासा उकडून, धुरावर धरून व उन्हात वाळवून त्याचा 'मासमीन' करतात. लाकडासारखा टणक झालेला हा मासा दीर्घकाळ टिकतो.

मिनिकॉयची पद्धत आपण जशीच्या तशी उचलू शकणार नाही. आपल्याकडे तसे प्रवाळाने वेढलेले नितळ पाणी नाही, आणि जिवंत आमिष टिकविणे आपल्या गढूळ खाड्यांत दुष्कर आहे. परंतु त्या बांधवांपासून घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ज्या माशाला आपण हलका म्हणतो, त्याच्याच एका भावंडावर एका बेटाने आपला संसार उभा केला. कारण पकडल्यानंतर त्याचे काय करावयाचे हे त्यांनी पकडण्याइतक्याच काळजीने ठरविले.

येथे मघाची ऊब आठवावी. धडपडून वर आलेल्या कुप्प्याचे अंग आतून तापलेले असते. तो तसाच उन्हात, माशांच्या ढिगाखाली पडला की जंतू त्याच्या मांसातील हिस्टिडीन या द्रव्याचे हिस्टामीन करू लागतात. अंगावर उठणारे पित्त, लाल चट्टे, डोके ठणकणे ही पुष्कळदा या हिस्टामीनचीच करणी असते. एकदा ते तयार झाले की शिजवून, तळून वा गोठवूनही जात नाही, आणि मासा वासाला बरा असतानाही ते त्यात असू शकते. यावर उपाय एकच: ते होऊच न देणे.

म्हणून मासा होडीत येताच डोक्यावर नेमका घाव घालून त्याची धडपड थांबवावी, कल्ल्यांशी छेद देऊन रक्त वाहू द्यावे, आणि काही मिनिटांतच त्याला बर्फ व समुद्राचे पाणी यांच्या काल्यात बुडवावे. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांपेक्षा असा काला माशास चोहोकडून भिडतो व लवकर थंड करतो. आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ धरून निघावे. असा मासा कापून पाहावा: मांस काळवंडलेले नसून लालबुंद व घट्ट असते. मधला गडद पट्टा काढून टाकला आणि आमसुलाच्या आंबटाचे कालवण केले, तर नाक मुरडणारेही दुसऱ्यांदा ताट पुढे करतील.

हे काम मोठ्या जाळ्याच्या नौकेस साधत नाही. तेथे एका वेढ्यात एवढा मासा येतो की एकेकास हाती घेऊन त्याचे रक्त काढणे अशक्यच. लहान होडीत मासा एकेक येतो, आणि जो आपला दुबळेपणा समजला जातो तोच येथे गुण ठरतो. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, आणि २०१७ साली केंद्र शासनाने एलईडी दिव्यांच्या झोतातील मासेमारीस मनाई केली. कायद्याची अंमलबजावणी व्हावी यासाठी आपण झगडलेच पाहिजे. तथापि कायदा थव्याचे रक्षण करील. आपल्या पाटीतील माशाला भाव मिळवून देण्याचे काम कायद्याचे नव्हे.

आणि खरी अडचण भावातच आहे. एखाद्या तरुणाने रक्त काढून, बर्फात घालून मासा आणला, आणि लिलावात तो इतरांच्या ढिगातच पडला, तर त्यालाही तोच दर मिळतो. बर्फाचा खर्च मात्र त्याच्या अंगावर पडतो. चार फेऱ्यांनंतर तो ती काळजी सोडून देतो, आणि वर्षाअखेर होडीही. त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. एकट्याने जे साधत नाही, त्यासाठीच संघ असतो.

सबब आम्ही संघापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, लहान होडीवाल्या सभासदांस उष्णता रोखणाऱ्या बर्फाच्या पेट्या संघाच्या निधीतून हप्त्याने द्याव्यात. दुसरी, रक्त काढून थंड केलेल्या माशाचा ढीग लिलावात निराळा लावण्याविषयी बंदरावरील संस्थांशी बोलणी करावीत, आणि त्या ढिगात हलगर्जीपणाचा मासा मिसळणाऱ्यास तेथून दूर करावे. एकदा विश्वास तुटला की निराळा ढीग व्यर्थ आहे. तिसरी सूचना बाजारात बसणाऱ्या आमच्या भगिनींस. गिऱ्हाईक आपल्या शब्दावर म्हावरे घेते. दोन कुप्पे शेजारी ठेवून, कापून दाखवून, हा असा का आणि तो तसा का हे त्या जितके पटवून देतील, तितके कोणत्याही जाहिरातीने पटणार नाही.

या सूचनांचा विचार पुढील हंगामापूर्वी व्हावा, निदान एका बंदरावर एक हंगामभर त्यांचा प्रयोग व्हावा, अशी आमची विनंती आहे.