पाठीचा बाक आणि पाठीचं दुखणं



मिरचीचा हंगाम सुरू झाला की नंदुरबारच्या पथाऱ्या लाल होतात. उजाडल्यापासून बाया उकिडव्या बसून मिरची पसरवतात, खालीवर करतात, देठ खुडतात. संध्याकाळी उठताना आधी हात कमरेवर जातो, मग माणूस उभं राहतं. 'कंबर दुखस' हे अहिराणी बोल या भागातल्या ओपीडीत रोज ऐकू येतात आणि त्यावरचा उपायही ठरून गेलेला असतो: एक सुई, चार गोळ्या, नाहीतर मेडिकलमधून आणलेला कमरेचा पट्टा. पाठ उघडी करून, मागे उभं राहून नीट पाहणं मात्र क्वचितच होतं. आजचं बोलणं त्या न पाहिलेल्या पाठीबद्दल आहे.

काही पाठी बाजूला वळलेल्या असतात. त्याला स्कोलिओसिस म्हणतात. यात मणके नुसते एका अंगाला झुकत नाहीत, ते पीळही खातात. त्या पिळाबरोबर बरगड्या ढकलल्या जातात आणि पाठीची एक बाजू उंच दिसू लागते. घरच्यांच्या लक्षात येतं ते वेगळ्याच खुणांनी. पोलकं एका खांद्यावरून उतरतं, फ्रॉकचा घेर एका बाजूला वर जातो, वेणी पाठीच्या मधोमध पडत नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर बाकाच्या दोन टोकांच्या सर्वांत तिरक्या मणक्यांवरून रेषा काढून कोन मोजतात. जॉन कॉब या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९४८ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते. कोन १० अंशांपेक्षा कमी असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. १० ते १६ वर्षांच्या शंभर मुलांत दोघातिघांना असा बाक सापडतो. त्यातले बहुतेक सौम्यच राहतात, पण वाढत जाणारे मोठे बाक मुलींमध्ये कितीतरी जास्त असतात.

कारण बहुतेकांत सापडत नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, एवढं नक्की. दप्तराच्या ओझ्याने हा बाक येत नाही, एकाच कडेवर कळशी नेल्यानेही येत नाही आणि आईने गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून तर मुळीच येत नाही. ही शेवटची गोष्ट घरोघरी जाऊन सांगायला हवी, कारण लेकीच्या पाठीचा दोष आईच्या माथी मारला गेला की ती लेकीला दवाखान्यात आणायलाच कचरते.

आता दुखण्याकडे वळू. बाक आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की उपचार चुकतात. आयोवा विद्यापीठात १९३२ ते १९४८ या काळात निदान झालेल्या आणि कोणताही उपचार न घेतलेल्या रुग्णांचा पन्नास वर्षांनी मागोवा घेण्यात आला. तो अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. या रुग्णांपैकी ६१ टक्क्यांना जुनाट पाठदुखी होती, तर बाक नसलेल्या त्यांच्या वयाच्या लोकांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणजे बाकामुळे दुखण्याची शक्यता वाढते. पण ज्यांना दुखत होतं, त्यांच्यातल्या दोनतृतीयांश लोकांनी ते थोडं किंवा मध्यम असल्याचं सांगितलं. त्यांनी नोकऱ्या केल्या, संसार केले. 'पाठ वाकडी, म्हणजे आयुष्य गेलं' ही समजूत या आकड्यांसमोर टिकत नाही.

युसेन बोल्टची पाठही अशीच आहे. बर्लिनमध्ये २००९ साली ९.५८ सेकंदांत १०० मीटर धावणाऱ्या या माणसाने आपल्या स्कोलिओसिसबद्दल उघडपणे सांगितलं आहे. पोट आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम त्याच्या सरावाचा कायमचा भाग होते. बाक गेला नाही. त्याला सांभाळणारे स्नायू तयार झाले.

व्यायामाची ही वाट एका रुग्ण मुलीनेच दाखवली. जर्मनीची काथरिना श्रोथ १८९४ साली जन्मली. तिला पोलादी कंबरपट्ट्यात अडकवलं गेलं होतं. चेंबलेला चेंडू आतून हवा भरली की फुगून येतो, हे तिने पाहिलं. मग आरशासमोर उभं राहून पाठीच्या खोलगट बाजूत श्वास भरायचा, बरगड्या आतून उघडायच्या, असा तिचा सराव सुरू झाला. १९२१ साली मायसेन गावात तिने छोटं उपचारकेंद्र काढलं. आजच्या फिजिओथेरपीत तिच्या नावाची पद्धत रुजलेली आहे. या पद्धतीला लागतं काय? एक आरसा, एक सतरंजी आणि शिकवणारा माणूस. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावात यातलं काहीच अशक्य नाही.

पट्ट्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आपण दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो. वाढत्या वयात, २५ ते ४० अंशांच्या बाकासाठी, मापाने घडवलेला कडक प्लास्टिकचा पट्टा असतो आणि तो खरंच काम करतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. पट्टा जितके तास, तितका फायदा जास्त. खानदेशच्या उन्हाळ्यात तो दिवसाचे बारा-तेरा तास अंगावर ठेवणं सोपं नाही. आत सुती बनियन, घामाने ओला झाला की बदललेला, आणि शाळेत कुणी चिडवणार नाही याची शिक्षकांनी घेतलेली काळजी, या गोष्टींवर तिथे बरंच अवलंबून आहे.

मेडिकलमध्ये मिळणारा लवचीक पट्टा ही वेगळी वस्तू. साध्या जुनाट कंबरदुखीसाठी असे पट्टे नित्याने देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. ओढून ताण देणं आणि अफूजन्य वेदनाशामकं यांनाही तिथे नकार आहे. रुग्णाला समजावून सांगणं आणि व्यायाम यांना पसंती आहे. या सूचना स्कोलिओसिससाठी म्हणून लिहिलेल्या नाहीत, पण मोठ्या माणसाच्या वाकड्या पाठीचं दुखणंही बहुधा याच वाटेने आटोक्यात राहतं. अंथरूण धरून पडणं टाळायचं. काम तोडून तोडून करायचं. पथारीवर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला 'मोळी उचलू नका' हा सल्ला कामाचा नाही. मोळी छोटी बांधा, दोघांनी उचला, हे त्याला करता येतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी हवी. इथे सिकलसेल आहे, क्षयरोग आहे. सिकलसेलमध्ये मणक्याचा रक्तपुरवठा तुटून पाठ असह्य दुखते. मणक्याच्या क्षयात पाठ मागच्या बाजूला टोकदार होते, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही दिसलं तर सुई देऊन घरी पाठवायचं नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. नंदुरबारात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथवर पाड्यावरचा रुग्ण पोचवणं ही आपली जबाबदारी आहे.

राहता राहिली शाळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या ३० आजारांच्या मूळ यादीत स्कोलिओसिस नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञगटानेही २०१८ साली सरसकट तपासणीच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचं म्हटलं, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ज्या मुलांची स्वतःच्या डॉक्टरकडे नियमित तपासणी होते, त्यांची गोष्ट वेगळी. अक्कलकुवा-धडगावच्या मुलीची पाठ कुणी पाहिलीच, तर ती आश्रमशाळेतच.

ही तपासणी एका मिनिटाची आहे. विल्यम ॲडम्स या इंग्रज डॉक्टरने १८६५ साली तिचं वर्णन केलं. मुलगी अनवाणी उभी राहते, तळहात जोडते आणि कमरेतून पुढे वाकते. मागून परिचारिका पाहते. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आली का? गवंड्याच्या लेव्हलपट्टीसारखं एक छोटं साधन पाठीवर आडवं ठेवलं की तिरकेपणा अंशांत वाचता येतो. आडोसा, स्त्री कर्मचारी आणि मुलीची संमती मात्र हवीच.

म्हणून या सभेकडे एकच मागणं आहे. येत्या जूनमध्ये आश्रमशाळा उघडतील, मुलींची उंची आणि वजन नोंदलं जाईल. त्याच वेळी पाचवी ते नववीच्या प्रत्येक मुलीला एकदा वाकायला सांगा आणि त्याच वहीत 'पाठ' असा एक रकाना वाढवा.