परातीतले तांदूळ आणि रविवारचा तास
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ३६ वर्षं बँकेत काढलेला माणूस वेळेचा हिशेब पाळतो, तेव्हा काळजी नसावी.

गणपतीनंतर आपल्या हॉलमध्ये महिन्यातले दोन रविवार सकाळी एक उपक्रम चालतो. आधी पाऊण तास मुलांचा स्पर्शाचा, वासाचा, आवाजाचा खेळ आणि नंतर वीस मिनिटं लहानथोर सगळ्यांसाठी शांत पडून राहणं. हा उपक्रम पुढे चालू ठेवायचा की ती वेळ भाड्याने द्यायची, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर आहे. म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

तिथे नेमकं काय होतं? एका परातीत तांदूळ, एकीत ओली शाडूची माती, एकीत मळलेली कणीक. झाकलेल्या डब्यांत हिंग, लवंग, ओवा, कॉफी. वास घ्यायचा आणि ओळखायचं. फरशीवर गोणपाट, काथ्याचं पायपुसणं, गादी अशी वाट. तिच्यावरून अनवाणी चालायचं. एवढंच. "यात शिकण्यासारखं काय?" असं एका सभासदांनी मला लिफ्टमध्ये विचारलं होतं. त्यांना द्यायचं उत्तर तिसऱ्या मजल्यापर्यंत संपलं नाही, ते आज पूर्ण करतो.

आपल्या पिढीला हे कुणी मुद्दाम दिलं नाही, कारण ते आजूबाजूला होतंच. भातुकली होती, विटीदांडू होता, जात्याजवळचं सांडलेलं पीठ होतं. आता अंगणभर पेव्हर ब्लॉक आहेत. गाड्यांची सोय झाली, पण दिवाळीच्या किल्ल्याला माती विकत आणावी लागते. मुलाचं बोट दिवसभर काचेवरून फिरतं, आणि काच थंड की गरम, ओली की कोरडी, एवढंसुद्धा सांगत नाही.

हे विचार काही माझे नाहीत. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं, तेव्हापासून इंद्रियांचं शिक्षण हा त्यांच्या पद्धतीचा पाया राहिला. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग बिया, शिंपले, खडे, पानं हीच साधनं झाली. आपल्या परातीतले तांदूळ त्याच वाटेवरचे आहेत.

आणि हे फक्त मुलांचं नाही. आमच्या सौ. समोरच बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण हातात काय आहे ते कळेना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तांदळाच्या परातीत किल्ली, सुपारी, नाणं, बटण लपवायला सांगितलं. डोळे मिटून शोधायचं आणि ओळखायचं. पहिला महिना नाणं आणि बटण सारखंच लागायचं. आमची पाच वर्षांची नात शेजारी बसून तोच खेळ खेळायची आणि आजीला हरवून टाळ्या पिटायची. आज हात पूर्ववत झालाय असं मी म्हणणार नाही. पण पर्समधली किल्ली त्या न बघता काढतात. रविवारच्या तासाची कल्पना त्या परातीशेजारीच सुचली.

काही मुलांना मिक्सरचा आवाज सोसत नाही, शर्टाचं लेबल टोचतं, ओल्या वस्तूला हात लावायचा म्हटलं की रडू येतं. लाऊडस्पीकर असला की ती आपल्या कार्यक्रमांना येतच नाहीत. रविवारी माईक नसतो आणि कुणाचाही हात धरून मातीत घातला जात नाही. नुसतं बघत बसलं तरी चालतं. हा काही उपचार नव्हे, तो त्यातल्या तज्ज्ञांनीच करायचा. पण एका आईने मला सांगितलं, "काका, सोसायटीत आम्ही शेवटपर्यंत थांबलो असा हा पहिलाच कार्यक्रम." अशा घरांसाठी तरी हा तास बंद पडू नये.

आता शेवटची वीस मिनिटं. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ साली पुस्तक लिहून स्नायू सैल सोडण्याची एक पद्धत मांडली. आधी मूठ पाच-सात सेकंद आवळायची, मग एकदम सोडायची आणि तो फरक अनुभवायचा. तसंच खांदे, कपाळ, पाय. मुलांना आम्ही सांगतो, मुठीत लिंबू आहे, पिळा! मोठ्यांना ते शवासनाच्या जवळचं वाटतं. ज्यांना सांधेदुखी आहे किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी आवळू नये, फक्त सैल सोडावं. खाली बसता येत नसेल तर खुर्ची आहे. एकदोघे घोरतात, त्याला आमची हरकत नाही.

आता आक्षेप. घाण होते, हे खरं. म्हणून जुन्या चादरी अंथरतो आणि झाडूनच बाहेर पडतो. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदूळ, मणी, कडधान्य देत नाही, कारण ते नाकातोंडात जाऊ शकतं. पाण्याच्या टबाजवळ मोठं माणूस बसलेलंच असतं, पाणी वीतभर असलं तरी.

भाड्याचा हिशेब मी मांडलाय. अर्ध्या दिवसाचे १,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ३,००० आणि ८४ फ्लॅटमध्ये वाटले तर घरटी ३६ रुपयांच्या आत. तेही दोन्ही रविवारी हॉल बुक झाला असता असं धरून, आणि रजिस्टर तसं सांगत नाही. इमारतीच्या दुरुस्तीसाठी आपण दरमहा सिंकिंग फंड भरतो. त्यात राहणाऱ्या माणसांसाठी ३६ रुपये जड नसावेत.

सभेच्या आधी एक रविवार शिल्लक आहे. विरोध करणाऱ्यांनी तर आवर्जून यावं. मतदानाला हात वर करायचाच आहे, त्याआधी तो एकदा परातीत घालून बघा.